चाळीस झाडांची बेरीज

१

सोमवारी सकाळी आमच्या रस्त्यावरची एकोणीस झाडं बारीक झाली.

झाडं होती तिथेच उभी होती. बारीक झाली ती कागदावर. उद्यान खात्याचा निरीक्षक ताईच्या दारात आला, चहा नको म्हणाला आणि एक पत्र देऊन गेला. पत्रात लिहिलं होतं, की आपल्या समितीने सादर केलेली बुंध्यांच्या घेराची नोंद तपासली असता एकोणीस झाडांचा घेर प्रत्यक्षात कमी आढळला, सबब ही नोंद विश्वासार्ह धरता येत नाही. गुरुवारी सुनावणी होती. नोंदवही बाद झाली तर आमचा अर्जही बाद होणार होता.

रस्त्यावरच्या आम्हा रहिवाशांच्या समितीचा अर्ज साधा होता. आमच्या शहरात ज्या झाडाचा घेर एक मीटरहून कमी, ते कोणीही कोणाला न विचारता तोडू शकतो. आमचं म्हणणं, ही मर्यादा तीस सेंटिमीटरवर आणा. नुसतं तोंडाने सांगून कोण ऐकतंय, म्हणून आम्ही नमुन्यादाखल आमच्या रस्त्यावरची चाळीस झाडं मोजली. सगळी एकाच जातीची, कोणीतरी केव्हातरी दोन्ही बाजूंना वीस-वीस लावलेली. त्यातली सत्तावीस आजच्या नियमाने झाडंच नव्हती. एवढा एकच पुरावा आमच्याकडे होता आणि तो ताईच्या हातचा होता.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भाजीवाल्याचा हिशेबही ती पाटीवर मांडल्यासारखा करते. मी एकसष्ट वर्षांचा झालो, घड्याळं दुरुस्त करता करता डोळे अधू झाले, तरी ती मला अजून 'छोट्या' म्हणते आणि माझं काही चुकलं की तारखेसकट सांगते. तिचं चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर मीही तारीख लिहून ठेवली असती.

त्या दिवशी तिने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "छोट्या, पहिलं झाड बरोबर आलंय. एक नंबरचं. ते सोडून सगळी गडबड आहे असं तो म्हणाला."

"मग?"

"आईचं असंच सुरू झालं होतं. पत्ता विचारला की पहिला आकडा बरोबर सांगायची आणि पुढचे भलतेच."

आईची शेवटची तीन वर्षं आम्ही दोघांनीच काढली होती. ती आम्हाला ओळखेनाशी होईपर्यंतची प्रत्येक पायरी आम्हाला पाठ होती. ताईने नोंदवही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "ही तू घेऊन जा. माझ्या हातात नको."

२

घरी येऊन मी सगळं हिला सांगितलं.

ही म्हणजे माझी बायको. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान आहे. नणंद-भावजयीचं तसं बरं आहे, म्हणजे दोघी एकमेकींशी फार गोड बोलतात आणि नंतर मला ऐकावं लागतं. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात ताईने हिने शिवलेल्या पडद्याला पट्टी लावून पाहिली होती. ते हिने आजतागायत गिळलेलं नाही.

म्हणून मला वाटलं, ही जरा सुखावेल. तर हिने मशीन थांबवलं.

"ताईंनी आकडे फुगवले असं म्हणणं आहे त्यांचं?"

"तसं सरळ लिहिलेलं नाही. पण कोपऱ्यावरचा शोरूमवाला तेच बोलत फिरतोय."

"फुगवून त्यांना मिळणार काय? आपलं म्हणणं, बारीक झाडांना कोणी वाली नाही. लबाडीच करायची असती तर झाडं बारीक दाखवली असती. जाड दाखवणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं."

हे अगदी बरोबर होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा बाहेर आला. लबाडी नसेल तर मग राहिलं काय? राहिली चूक. आणि एक-दोन नव्हे, एकोणीस. ज्या बाईने जन्मात हातचा विसरला नाही, तिने एकोणीस झाडं चुकवली असतील तर ताईला वाटत होतं तेच खरं होतं.

हिने माझा चेहरा वाचला असावा. गळ्यातली मोजपट्टी काढून तिने खुंटीला लावली. "मोजताना टेप कोणी धरली होती?"

"पीटीच्या सरांनी. ते आकडा ओरडून सांगायचे आणि ताई लिहायची. झाडांवरचे नंबरांचे बिल्लेही त्यांनीच ठोकले."

पीटीचे सर आदल्या रात्रीच स्पर्धांवरून परतले होते. तीन आठवडे मुलांना घेऊन बाहेरगावी होते. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात जाळ्या वाळत घालत होते. पत्राचं ऐकून त्यांचा आवाज चढला, पण त्यांचा आवाज एरवीही चढलेलाच असतो.

"मी आकडा चुकीचा सांगितला असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही हो. तुम्ही सांगितलेला आकडा त्या तसाच लिहायच्या का, एवढंच विचारतेय."

"तसाच? ताई प्रत्येक आकडा मला परत म्हणून दाखवायच्या, मग लिहायच्या आणि मग टेपवर स्वतः वाकून बघायच्या. एकेका झाडाला पाच मिनिटं. मी वैतागलो होतो. शिवाय चाळीसच्या चाळीस बिल्ले मी एका सकाळी ठोकले, चांगले दोन इंची खिळे मारून. वादळ आलं तरी हलायचे नाहीत."

परत येताना ही रस्त्यात थांबली. समोरच्या झाडावर सतरा नंबरचा पत्र्याचा बिल्ला होता. तिने तो बोटाने हलवला तर तो सहज झुलला.

"खिळे कुठायत?" तिने विचारलं.

खिळे नव्हते. बिल्ला सुतळीने बांधला होता. मी रोज या रस्त्याने जातो आणि एवढी मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांखालून निघून गेली होती. बुंध्यावर खिळ्याचं भोक तेवढं दिसत होतं, आणि तेही सुतळीच्या जरा वर, मेण भरून नीट बुजवलेलं.

३

रस्त्याच्या कोपऱ्यावर गाड्यांचं शोरूम आहे. दर्शनी काच दोन माणूस उंच आणि त्या काचेच्या बरोबर समोर एक झाड. मालकाचा त्या झाडावर किती राग आहे हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. आमच्या नोंदीची तपासणी करा, असा अर्ज त्यानेच दिला होता.

"दिला," तो म्हणाला. आम्हाला बसायला खुर्च्या मात्र चांगल्या दिल्या. "माझा हक्क आहे. माझं झाड मोजलं तर चौऱ्याण्णव भरतं. मीटरच्या आत आहे. आज तोडलं तरी कोणी विचारणार नाही. तुमचा नियम आला की मला सतरा ठिकाणी परवानगी मागावी लागेल."

"मग आजच का नाही तोडलं?" हिने विचारलं.

त्याने काचेतून बाहेर पाहिलं. "गिऱ्हाइकं त्याच्या सावलीत गाडी लावतात," तो जरा पडेल आवाजात म्हणाला. "मुलगा म्हणतो थांबा. बघू."

"बिल्ल्याचे खिळे तुम्ही काढलेत?"

"मी? मी तर त्या खिळ्यांवरूनच तुमच्या सभेत बोललो होतो. झाडं वाचवायला निघालेत आणि झाडांच्या अंगात खिळे ठोकतायत. आठवतं ना? सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आपल्याच सोयीच्या पुराव्याला हात कोण लावेल, काकू? खिळे होते तेच मला सोयीचं होतं."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हा खोटं बोलतोय."

"नाही बोलत. त्याला बोलायला विषय हवा होता, तो कोणीतरी काढून घेतला." ती पुन्हा झाडाजवळ गेली आणि सुतळीची गाठ निरखू लागली. आडवी-उभी फुलीसारखी बांधून टोक आत खोचलं होतं. तिने टोक ओढलं तर गाठ एका झटक्यात सुटली आणि बिल्ला तिच्या हातात आला. "एका हाताने सुटणारी गाठ आहे. रोज शेकडो वेळा बांधून सोडणाऱ्या माणसाची."

तिने ती पुन्हा तशीच बांधायचा प्रयत्न केला. तीनदा चुकली. हातात सुई घेऊन चाळीस वर्षं बसलेल्या बाईला जी गाठ जमत नाही ती बांधणारा कोण, हे मला सुचेना.

"आधी निरीक्षकाकडे," ही म्हणाली. "मला त्यांचे आकडे बघायचेत. सगळे."

४

मंगळवारी गेलो तेव्हा निरीक्षकाच्या टेबलावर फायलींचा एवढा ढीग होता, की तो आम्हाला भुवयांपर्यंतच दिसत होता. माणूस वाईट नव्हता. नियमात बसेल तेवढं करायचा आणि न बसणारं बघायचाच नाही.

"पत्रात सगळं दिलंय," तो म्हणाला.

"पत्रात एकोणीस झाडं आहेत. तुम्ही मोजली किती?"

"चाळीसच्या चाळीस."

"मग उरलेली एकवीस?"

"त्यातलं एक बरोबर आलं. एक नंबरचं."

"आणि वीस?"

निरीक्षकाने कागद उलटून पाहिला. "ती... नोंदीपेक्षा जाड भरली. पण हरकत फुगवलेल्या आकड्यांबद्दल होती. जाड भरलेल्यांबद्दल कोणी हरकत घेतली नव्हती, म्हणून पत्रात घेतली नाहीत."

ही माझ्याकडे वळली. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिचा असा चेहरा मी दोन-तीनदाच पाहिला असेन. "अहो, एकदा माझ्याकडे दोघा भावांचे शर्ट आले होते. एक म्हणाला फार सैल झाला, दुसरा म्हणाला गळ्याला फास बसतो. मी मापं तपासली, कापड तपासलं, रात्रभर झोपले नाही. आणि झालं काय होतं? घरी नेताना शर्टांची अदलाबदल झाली होती. एकाच घरात एकाला सैल आणि दुसऱ्याला घट्ट झालं, की मापाला दोष द्यायचा नाही."

तिने निरीक्षकाकडून कोरा कागद मागून घेतला आणि एका बाजूला ताईचे चाळीस आकडे, दुसऱ्या बाजूला त्याचे चाळीस असे लिहिले. मग दोन्हींची बेरीज करायला बसली. मला मदत करू देईना. ताईची बेरीज आली तीन हजार चारशे बारा सेंटिमीटर. निरीक्षकाची आली तीन हजार चारशे नऊ.

"चाळीस झाडांत तीन सेंटिमीटरचा फरक," ती म्हणाली. "तो टेप घट्ट-सैल धरण्याचा. आता सगळ्यात जाड झाड बघा. ताईंचं एकशे एकाहत्तर, नंबर नऊ. तुमचंही एकशे एकाहत्तर, पण नंबर सतरा. सगळ्यात बारीक झाड ताईंचं एकतीस, तुमचंही एकतीस. झाडं तीच आहेत आणि आकडेही तेच. नंबर तेवढे फिरलेत."

निरीक्षक फायलींच्या मागून उठून उभा राहिला आणि आम्हाला पहिल्यांदा पूर्ण दिसला. "म्हणजे बिल्ले कोणीतरी मुद्दाम बदलले?"

"मुद्दाम की कसे, ते उद्या सांगते. सुनावणीच्या आधी एकदा पुन्हा मोजायला याल का?"

तो येतो म्हणाला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. ताईचं डोकं ठिकाणावर होतं. एकेक आकडा सेंटिमीटरपर्यंत बरोबर होता.

५

"अजून झालेलं नाही," ही म्हणाली. "कोणी केलं ते कळल्याशिवाय तो शोरूमवाला गप्प बसणार नाही. तो म्हणेल, पितळ उघडं पडलं म्हणून तुम्हीच फिरवले."

आम्ही रस्त्याच्या तोंडापासून बिल्ले वाचत निघालो. डाव्या हाताला एक, तीन, पाच, सात. समोरच्या बाजूला दोन, चार, सहा. शेवटच्या झाडांवर डावीकडे एकोणचाळीस आणि उजवीकडे चाळीस.

संध्याकाळी ती मला घेऊन ताईकडे गेली आणि एकच प्रश्न विचारला. "ताई, मोजताना कसे चालत गेलात?"

"कसे म्हणजे? एका बाजूने वीस झाडं करत वर गेलो आणि दुसऱ्या बाजूने वीस करत परत आलो. माझ्या गुडघ्यांनी दर झाडाला रस्ता ओलांडला असता का मी?"

"पण हे वहीत लिहिलेलं नाही."

"नंबर लिहिलाय की. नंबर असल्यावर जागा कशाला?"

तिथून निघालो ते थेट पोस्टमनदादांच्या घरी.

पोस्टमनदादा आमच्या समितीतला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. पस्तीस वर्षं याच भागात सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे सोडत पत्रं वाटली. निवृत्त झाल्यावर सह्या गोळा करायला दारोदार तेच फिरले, कारण त्यांना दार उघडलं नाही असं एकही घर नव्हतं. आम्हाला पाहून त्यांनी सतरंजी अंथरली.

हिने पिशवीतून गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या काढल्या, एक ते बारा नंबरच्या, आणि खडूने फरशीवर दोन रेघा मारल्या. "दादा, हा आपला रस्ता. या चिठ्ठ्या झाडांच्या जागी लावून द्याल? नंबरवार."

दादांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, अंगठ्याने सरकवत बघता बघता क्रम लावला आणि एक इकडे, एक तिकडे, एक इकडे, एक तिकडे अशा भराभर टाकल्या. हात जराही थांबला नाही. डावीकडे विषम आणि उजवीकडे सम.

"झाडांचे बिल्लेही असेच लावलेत ना?" हिने हळू आवाजात विचारलं.

दादांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "त्या सरांना सांगू नका. त्यांनी एवढ्या हौसेने ठोकले होते. पण सभेत तो माणूस बोलला ते मला लागलं. खरंच होतं ते. म्हणून सर गावाला गेल्यावर एका दुपारी सगळे खिळे काढले, बिल्ले पिशवीत टाकले आणि सुतळीने परत लावले. एकही हरवला नाही. नंबर वाचून जिथल्या तिथे लावले."

"नंबर वाचून आपल्या रस्त्यावरच्या घरांसारखे एक इकडे, एक तिकडे लावलेत, दादा. ताईंनी एका बाजूने वर जाऊन दुसऱ्या बाजूने खाली येत दिले होते."

दादांनी फरशीवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. समजायला त्यांना जरा वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे ताईंच्या नावाने जे चाललंय ते माझ्यामुळे?"

"नंबर दिसला की तुमचे हात आपोआप चालतात," ही म्हणाली. "माझेही चालतात. चला, उद्या सकाळी नीट लावून टाकू."

६

बुधवारी सकाळी आम्ही ताईला घराबाहेर काढलं. ती येत नव्हती. ही म्हणाली, "माझा पडदा तपासायला पट्टी घेऊन आला होतात, आता माझी बेरीजही तपासा," तेव्हा कुठे चपला घातल्या.

दादांनी बिल्ले मूळच्या क्रमाने बांधले. निरीक्षकाने स्वतःची टेप आणली होती. पीटीच्या सरांनी ती धरली, आणि खिळ्यांबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत, हे मी त्यांच्या जमेला धरतो. ताईने वही उघडली नाही. पहिली वीस झाडं ती आकडे पाठ म्हणत गेली. एकोणसाठ. एकशे चार. अठ्ठ्याहत्तर. निरीक्षक टेपवर बघायचा आणि मान डोलवायचा. नवव्या झाडाला ती "एकशे एकाहत्तर" म्हणाली आणि टेपवर स्वतः वाकली. पुढची सगळी झाडं तिने माझा हात धरून मोजली.

चाळीसच्या चाळीस जुळली.

गुरुवारी सुनावणीला शोरूमवालाही मुलाला घेऊन आला होता. निरीक्षकाने पत्र मागे घेतलं आणि बिल्ल्यांची अदलाबदल झाली होती असं सांगितलं. सुनावणी घेणाऱ्या महापालिका समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "बिल्ले कोणी हलवले? नोंद करायची आहे."

मागच्या रांगेत दादा उठू लागले. हिने त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं, कारण ताई आधीच उभी राहिली होती.

"नोंद करा," ताई म्हणाली. "माझ्या वहीत जागेचा रकानाच नव्हता. कोणत्या बाजूचं कितवं झाड, हे मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर बिल्ला पडला काय आणि हलला काय, काहीच बिघडलं नसतं. चूक माझी आहे. नवा नियम कराल तेव्हा नोंदीत हा रकाना नक्की घाला."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. शोरूमवाल्याला विचारलं, हरकत कायम आहे का? तो मुलाकडे बघून नाही म्हणाला. मग मतं झाली आणि मर्यादा तीस सेंटिमीटर झाली. आमच्या रस्त्यावरचं एकतीसचं झाडही आता झाड ठरलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण आमच्यापैकी कोणाचाच लगेच विश्वास बसला नाही. पीटीचे सर तेवढे नाक शिंकरत बाहेर गेले.

पायऱ्या उतरताना मी ताईला म्हणालो, "तू कशाला अंगावर घेतलंस?"

"अंगावर नाही घेतलं. चूक होतीच माझी." ती मधल्या पायरीवर थांबली. "पण छोट्या, साधी होती रे. रकाना विसरायची. कोणाच्याही हातून होते तशी."

तिने डोळे पुसले आणि हसायला लागली. मग हिचा हात धरून चालू लागली. पुढे वाणी भेटला, तिची जुनी विद्यार्थिनी भेटली, शेजारच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. घरी पोहोचेपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला थांबवून ताई सांगत होती, की या मोजणीत तिची एक चूक झाली.